टर्बो गाडी आपल्या हातानं सांभाळताना

टर्बोची जुनी गाडी घरी आली की नातेवाइकांपासून पेट्रोल पंपावरच्या अनोळखी माणसापर्यंत सगळे एकच गोष्ट बजावतात: टर्बो गेला तर दिवाळं निघेल. हे ऐकून ऐकून मालकाच्या मनात अशी धास्ती बसते की तो बॉनेट उघडायचंच सोडून देतो. गाडी सर्व्हिसला टाकायची, बिल भरायचं आणि पुढच्या सर्व्हिसपर्यंत देवावर हवाला ठेवायचा. या पुस्तकाचा सगळा रोख त्या धास्तीविरुद्ध आहे. टर्बो महाग असतो हे खरं, पण तो स्वतःहून सहसा मरत नाही. त्याला मिळणारं तेल खराब होतं, त्याच्याभोवतीची उष्णता वेळेवर निघून जात नाही, किंवा त्यानं दाबलेली हवा वाटेत कुठेतरी निसटते, आणि खापर मात्र त्याच्यावर फुटतं. या तिन्ही गोष्टी घरच्या माणसाला साध्या हत्यारांनी तपासता येतात, आणि घाईत असलेल्या गॅरेजपेक्षा नीट तपासता येतात, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणासाठी पुस्तकात एकच गाडी धरली आहे: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारांची, जमिनीलगत बसलेली गाडी ज्यांच्या डोळ्यांपुढे येते त्यांना ही निवड जरा साधी वाटेल. पण आपल्याकडे टर्बो-पेट्रोलची ओढ ज्या गाडीनं लावली ती हीच. २००१ साली स्कोडानं औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत काम सुरू केलं. ऑक्टाव्हिया तिथे जुळवली जाऊ लागली आणि २००४ मध्ये तिची आरएस आवृत्ती बाजारात आली. १७८१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती, आणि २१० न्यूटन मीटरचा टॉर्क, तोही अवघ्या १७५० फेऱ्यांपासून. त्या काळी टर्बो म्हणजे डिझेल असं समीकरण पक्कं होतं. पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरात अशी खेचू शकते हे अनेकांना तिनंच पहिल्यांदा दाखवलं.

या निवडीमागे आणखी एक व्यवहाराचं कारण आहे. याच घराण्यातलं १.८ टर्बो इंजिन फोक्सवॅगन समूहानं गोल्फमध्ये, बीटलमध्ये, ऑडी ए४ मध्ये आणि ऑडी टीटीसारख्या अस्सल स्पोर्ट्स कारमध्येही वापरलं. त्यामुळे त्याचा स्वभाव जगभरच्या लोकांनी उलगडून ठेवला आहे. कुठला पाइप किती वर्षांनी तडकतो, कुठला सेन्सर खोटं बोलतो, सगळं माहीत आहे. शिवाय या इंजिनात पेट्रोल इनटेकच्या नळीत साध्या दाबानं फवारलं जातं. नंतरच्या टीएसआय इंजिनांसारखा सिलिंडरमध्ये थेट इंधन मारणारा जबर दाबाचा पंप इथे नाही. शिकण्यासाठी हे इंजिन फार चांगलं आहे.

टर्बोची मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूनं एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, आणि जास्त हवेसोबत जास्त पेट्रोल जाळून लहान इंजिनाकडून मोठ्याचं काम करून घ्यायचं. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्यानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. आधी जहाजं, आगगाडीची इंजिनं आणि विमानांत ते रुळलं. मोटारगाडीत यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या दोन टर्बो गाड्या आल्या. युरोपात १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेली पोर्शे ९११ टर्बो यांनी दरारा निर्माण केला, आणि त्या दशकाच्या शेवटी साबनं ९९ टर्बो काढून ही गोष्ट रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या गाडीत आणली.

यातली जेटफायरची कथा मला फार बोलकी वाटते. इंजिनात अवेळी भडका उडू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारण्याची सोय होती. त्याची वेगळी टाकी होती आणि ती मालकानं वेळोवेळी भरायची होती. टाकी रिकामी झाली की सुरक्षेसाठी टर्बोचा दाब आपोआप कापला जाई. पुष्कळ मालकांनी ती टाकी भरलीच नाही. गाडी मंदावली, तक्रारी आल्या, आणि शेवटी कंपनीनं अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून दिले. टर्बोत काही बिघडलेलं नसताना त्याला घालवून दिलं गेलं. आपल्या गॅरेजांत आजही हे घडतं, फक्त टाकीच्या जागी दुसरं काहीतरी असतं.

आता तेलाकडे वळू. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण तेलावर आहे आणि ते मुद्दाम मोठं ठेवलं आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपास तापलेला वायू असतो आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा. हा दांडा बॉल बेअरिंगवर नव्हे, तर बुशमधल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागत नाही तोवर तो वर्षानुवर्षं चालतो. तेलाचा दाब क्षणभर कमी पडला किंवा तेलातून बारीक कचरा आला की बुश झिजतं, दांडा डगमगतो आणि पात्यांची टोकं घराला घासू लागतात. तिथून परतीची वाट नाही.

१.८ टर्बो इंजिनात तेलाचा काळा चिखल साचतो ही तक्रार जगभर गाजली. विशेषतः उभं बसवलेलं इंजिन असलेल्या फोक्सवॅगन पसाटमध्ये ती इतकी वाढली की अमेरिकेत कंपनीला वॉरंटी वाढवावी लागली. कारण समजायला सोपं आहे. इंजिनात तेल थोडं, ते तापतं खूप, आणि मालक ते बदलतो उशिरा. मग ते घट्ट होत जातं, इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाशी बसतं आणि पंपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी बुजवून टाकतं. टर्बोपर्यंत तेल नेणारी नळी तर तापलेल्या एक्झॉस्टला लागूनच जाते. कढईत फार वेळ तापवलेल्या तेलाची जशी काळी चिकट पुटं धरतात, तशी ती आतून बुजत जाते. म्हणून नवा टर्बो बसवताना जुनी नळी आणि जुनी जाळी तशीच ठेवणं म्हणजे नव्या टर्बोलाही त्याच वाटेनं पाठवणं. बिलात टर्बो दिसतो, नळी दिसत नाही. ज्यानं कुणी टर्बो बदलून दिला असेल त्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा.

ऑइल बदलणं हे घरी करण्याचं पहिलं काम. व्हीडब्ल्यू ५०२.०० हा शिक्का डब्यावर असलेलं पूर्ण सिंथेटिक तेल, साडेचार लिटरच्या आसपास. कंपनीचं वेळापत्रक काहीही म्हणो, आपल्या धुळीत, उन्हात आणि वाहतूककोंडीत मी साडेसात-आठ हजार किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही, आणि गाडी कमी फिरली तरी वर्षातून एकदा बदलतोच. गाडी थोडी चालवून तेल कोमट झालं की काम सुरू करावं. ड्रेन प्लग हातानं शेवटचे दोन आटे सोडवताना प्लग वर दाबून धरायचा आणि मग एकदम बाजूला घ्यायचा, म्हणजे धार मनगटावरून बाहीत जात नाही. धार आधी जाड आणि काळी, मग तपकिरी, मग थेंबथेंब. तो थेंब थांबेपर्यंत उठू नये. निघालेलं तेल बोटांत चोळून उजेडात पाहावं. चंदेरी चमक दिसली तर बेअरिंगची चौकशी सुरू करावी. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे.

प्लग परत लावताना टॉर्क रेंच वापरावा. या गाडीचं चेंबर ॲल्युमिनियमचं आहे आणि प्लगला ३० न्यूटन मीटर पुरतात. लांब पान्यानं जोर लावून आवळलेला प्लग पुढच्या वेळी आटे घेऊनच बाहेर येतो. याच चेंबरला आपल्या गतिरोधकांनी किती तरी वेळा फोडलं आहे, तेव्हा खाली वाकलेच आहात तर गार्डचे बोल्ट आणि चेंबरवरचे ओरखडेही पाहून घ्यावेत. आणखी एक बारीक गोष्ट. डिपस्टिक जिच्यात उतरते ती नारिंगी प्लास्टिकची नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं बिस्किटासारखी ठिसूळ होते. डिपस्टिक घाईनं ओढली की ती हातात तुकड्यानं येते. नवी नळी स्वस्त मिळते, आधीच आणून ठेवावी.

उष्णतेचं प्रकरण त्यामानानं लहान आहे. घाट चढून आलात, इंजिन तापलेलं आहे आणि लगेच किल्ली फिरवून बंद केलंत, तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल तिथेच करपतं. टर्बो डिझेलच्या बस आणि ट्रकचे जुने चालक इंजिन थोडा वेळ सुरू ठेवूनच उतरतात, ते याचसाठी. या गाडीचा टर्बो पाण्यानंही थंड ठेवला जातो, त्यामुळे बाजारातून भाजी घेऊन आल्यावर इंजिन सुरू ठेवून उभं राहण्याची गरज नाही. आंबोली किंवा कसारा चढून वर आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावेत. माझ्या मते उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण समोरून वारा मिळत राहतो.

कूलंटच्या बाबतीत मात्र कडक राहावं लागतं. या गाडीला गुलाबी जी-१२ जातीचं कूलंट लागतं. त्यात जुनं हिरवं मिसळलं की तपकिरी गाळ तयार होतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पाणी डिस्टिल्डच वापरावं. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे बोअरचं पाणी इतकं जड असतं की बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते, तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतायला माणसं कशी धजावतात हे मला कळत नाही. गरम इंजिनावर टाकीचं झाकण उघडू नये, हे पुस्तकात दहा ठिकाणी लिहिलं आहे आणि मला ते जास्त वाटत नाही.

आता हवा. या प्रकरणावर माझं सर्वांत जास्त प्रेम आहे, कारण इथे घरचा माणूस शोधक होतो. इंजिनात जाणारी हवा आधी फिल्टरमधून आणि मग हवा मोजणाऱ्या सेन्सरमधून जाते. त्यानंतर टर्बो, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, थ्रॉटल आणि शेवटी सिलिंडर, असा तिचा प्रवास. सेन्सरनं जेवढी हवा मोजली तेवढ्याच हिशोबानं संगणक पेट्रोल देतो. टर्बोच्या पुढे एखादा रबरी पाइप तडकला असेल तर दाबलेली, मोजलेली हवा बाहेर निघून जाते, पण तिच्या वाट्याचं पेट्रोल मात्र पडतच राहतं. गाडी ओढत नाही, काळा धूर येतो, पेट्रोल खाते. उलट थ्रॉटलच्या पुढच्या भागात भेग असेल तर इंजिन नुसतं सुरू असताना तिथून न मोजलेली हवा आत खेचली जाते आणि फेऱ्या वरखाली होत राहतात. दोन्ही वेळा 'टर्बो कमजोर झालाय' असंच निदान होतं. दोन्ही वेळा दोष रबराच्या एका तुकड्याचा असतो.

ही गळती शोधायचं साधन हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पाइपाच्या मापाची पीव्हीसीची एंड कॅप घ्यायची, तिला मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घट्ट बसवायचा. हवा मोजणाऱ्या सेन्सरपासून टर्बोकडे जाणारी होज सेन्सरच्या बाजूनं सोडवून तिच्या तोंडात ही कॅप सारायची आणि क्लिप आवळायची. इंजिनाच्या ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसमधली वाफ काढून घेणारी, नळी या होजला जिथे मिळते ते तोंड आधी बंद करावं, नाहीतर हवा सरळ क्रँककेसमध्ये शिरते आणि ऑइल सीलवर नको तो दाब येतो. मग मीटर असलेल्या फूट पंपानं हळूहळू हवा भरायची. अर्ध्या बारच्या वर जायचं कारण नाही, कारण ही गाडी मुळात तेवढ्याच दाबाच्या आसपास चालते. स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक सांध्यावर मारत जावं. आधी कान द्यावा, बहुतेक वेळा फुसफुस ऐकू येते. मग बुडबुडे दिसतात. कधी ते होजच्या खालच्या अंगाला असतात, जिथे वरून पाहिल्यावर सगळं ठणठणीत वाटतं. कधी इंटरकूलरच्या कोपऱ्याशी, पुढच्या चाकाच्या आत. कधी डायव्हर्टर व्हॉल्व्हवर, ज्याच्या आतला रबरी पडदा फाटणं ही या इंजिनाची जुनी खोड आहे. निरोगी इंजिनातही दाब सावकाश उतरतो, कारण एखादा व्हॉल्व्ह उघडा असतोच. काटा झरझर खाली आला तर मात्र गळती आहे.

ही चाचणी करायला अर्धा दिवस जातो आणि गॅरेजला ती परवडत नाही. हीच घरच्या माणसाची खरी ताकद आहे. जर्मनीत किंवा अमेरिकेत माणसं स्वतः गाडी दुरुस्त करतात त्यामागे मजुरीचे दर हे मोठं कारण असतं. आपल्याकडे मजुरी तुलनेनं स्वस्त आहे, तेव्हा पैशासाठी हात काळे करा असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्याकडे कमतरता वेळाची आहे. रोज आठ-दहा गाड्या हातावेगळ्या करणाऱ्या मेकॅनिकला एका भेगेमागे चार तास घालवणं शक्य नसतं, म्हणून तो भाग बदलून बघतो. त्याचा यात दोष नाही. चांगला मेकॅनिक हा ठेवा आहे, त्याला जपावं. 'दादा, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर टाकून बघितली, दोष तिच्याबरोबर सरकला,' असं सांगत गेलं की तोही खुलतो आणि पुढचं काम दोघं मिळून होतं.

कॉइलचं उदाहरण उगाच दिलेलं नाही. प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर एक कॉइल, अशी या इंजिनाची रचना आहे आणि एका काळात या कॉइल जगभर निकामी होत होत्या. इंजिन अडखळू लागलं की डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्वस्तातला ओबीडी अडॅप्टर लावून कोड वाचावा. पी०३०३ आला तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे. इंजिन बंद करून तिसरी आणि दुसरी कॉइल अदलाबदल करायची. कोड पी०३०२ झाला तर कॉइल दोषी, तिसऱ्यावरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर पाहायचा. एवढी साधी तपासणी असताना चारही कॉइल, चारही प्लग आणि वर एक सेन्सर विकत घेण्याची वेळ येऊ नये. कनेक्टरचा प्लास्टिकचा चिमटा मात्र सांभाळून उघडावा, उष्णतेनं तोही ठिसूळ झालेला असतो. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग टर्बोच्याच तोडीचा महाग आहे.

निळ्या धुराबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे, त्यातली एक गोष्ट इथेच सांगतो. टर्बोतून तेल परत चेंबरमध्ये उतरतं ते केवळ गुरुत्वाकर्षणानं, त्याला ढकलणारा दाब नसतो. इंजिनाचा ब्रीदर किंवा त्यातले छोटे व्हॉल्व्ह बुजले की क्रँककेसमध्ये दाब वाढतो, तेलाला खाली उतरायला जागा राहत नाही आणि ते टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं. धूर निघतो, टर्बो बाद ठरतो. म्हणून धूर दिसला की आधी ब्रीदरच्या नळ्या काढून बघाव्यात. आतून त्या काळ्या लोण्यासारख्या गाळानं भरलेल्या असतात किंवा दाबल्यावर चुरा होतात. त्या बदलून मग दांडा तपासावा. हवेच्या बाजूची होज काढून थंड इंजिनावर पात्याचं नाक दोन बोटांत धरायचं. आडवा किंचित खेळ असणारच, कारण त्या वेळी तेलाचा थर नसतो. दांडा लांबीच्या दिशेनं पुढेमागे हलला किंवा पाती घराला लागली, तर मात्र टर्बो खरोखरच संपला आहे. पात्यांच्या कडा खडबडीत दिसल्या तर एअर फिल्टर तपासावा. धुळीच्या रस्त्यांवर फिल्टरच्या खोक्याची एक क्लिप नीट न लागणं एवढंही पुरतं.

काही कामं पहिल्या वर्षी घरी करू नयेत. त्यात टायमिंग बेल्ट सर्वांत वर. या इंजिनात बेल्ट एक्झॉस्टचा कॅमशाफ्ट फिरवतो आणि मागच्या टोकाला एक साखळी त्यावरून इनटेकचा कॅमशाफ्ट फिरवते. बेल्ट तुटला किंवा दातावरून सरकला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि व्हॉल्व्ह वीस आहेत. काम अवघड नाही, पण त्यात चुकीला जागा नाही. ते भरवशाच्या माणसाकडून करून घ्यावं आणि शेजारी उभं राहून पाहावं. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, तोही त्याच वेळी बदलावा. जुन्या पंपांचं पातं प्लास्टिकचं असतं आणि ते दांड्यावर सुटून नुसतं फिरत राहिल्याची उदाहरणं आहेत. बेल्टच्या बाबतीत किलोमीटरइतकीच वर्षंही मोजावीत. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. एअरबॅग आणि एबीएसच्या भागांना हात लावूच नये.

जॅकबद्दल एकही सवलत नाही. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, बोल्ट उचलण्यापुरतंही नाही. स्टँड लावायचे, मागच्या चाकांना अडण घालायचं, गाडी हलवून पाहायची आणि मगच खाली जायचं. आपल्या सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतात, त्यात स्टँडचे पाय रुततात. खाली जाड प्लायवूडची फळी ठेवावी. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटरला. सोसायटीत पार्किंगमध्ये काम करू देतात की नाही हा आपल्याकडचा खरा अडसर आहे, आणि त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: फरशीवर तेलाचा एकही डाग राहू द्यायचा नाही. खाली जुना फ्लेक्स अंथरावा, काम संपल्यावर वॉचमनला जागा दाखवावी. कमिटीचा विरोध बहुधा डागांना असतो.

ताकद वाढवण्याचं प्रकरण या पुस्तकात नाही, आणि ते नसावं असा आग्रह मीच धरला. संगणकातला नकाशा बदलून हे इंजिन बरीच जास्त अश्वशक्ती देतं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वीस वर्षांच्या होज आणि तेलाची जुनी नळी तशीच ठेवून दाब वाढवणं हा गाडीवर अन्याय आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. या गाड्यांची पंधरा वर्षं उलटली. नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आरटीओची तपासणी हे सगळं पार करायचं तर गाडी मूळ अवस्थेत आणि धूर न सोडणारी असणं मालकाच्याच फायद्याचं आहे.

एक नवी काळजी मात्र या गाड्यांपुढे उभी आहे. २०२५ पर्यंत देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळू लागलं. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, ते टर्बो इंजिनाला मानवतं. पण २००४-०५ मध्ये बसवलेलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. इंधनाच्या नळ्या फुगतात, मऊ होतात किंवा आतून सुटतात. इथेनॉल हवेतली ओल धरतं, म्हणून पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी अर्धी ठेवू नये. इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या दर्जाच्या घेऊन एकदाच बदलून टाकाव्यात, आणि हे काम इंजिन थंड असताना, बॅटरीची तार काढून, मोकळ्या हवेत करावं. आज या गाडीवर एकच खर्च करायचा असेल तर मी तो इथे करायला सांगेन, टर्बोवर नाही.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. मिळतात. समूहाच्या इतर गाड्यांत तोच भाग असल्यानं नाव सांगून मागण्यापेक्षा भागावरचा क्रमांक घेऊन शोधलं तर वाट मोकळी होते. म्हणून प्रत्येक कामाच्या शेवटी निघालेल्या भागावरचा क्रमांक उतरवण्यासाठी या पुस्तकात कोरी जागा ठेवली आहे. त्याच जागेत तारीख, किलोमीटर आणि लावलेला टॉर्क लिहावा. काम अर्ध्यावर सोडून दुसऱ्या दिवशी परत आलात तर काय आवळलं आणि काय राहिलं हे तीच नोंद सांगते.

शेवटी वापरलेल्या तेलाबद्दल. साडेचार लिटर काळं तेल गटारात, झाडाच्या मुळाशी किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकायचं नाही. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यातच ते भरून झाकण घट्ट लावावं आणि अधिकृत रिसायकलरला तेल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन द्यावं. आधी फोन करून विचारलं तर बहुतेक ठिकाणी घेतात. कूलंटही उघड्यावर ओतू नये, ते चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं ते पितात, त्यांच्यासाठी ते जीवघेणं विष आहे. ऑइल आणि कूलंट या दोन्ही प्रकरणांत ही सूचना प्रत्येक कामाच्या यादीत, हत्यारांच्याही आधी छापली आहे.